जठराचा कर्करोग : स्नायूंची झीज आणि रुग्णाचे जीवनमान

(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचे शब्दांकन)



कर्करोग हा शब्द घरात शिरला की पहिला प्रश्न विचारला जातो, ‘गाठ केवढी आहे?’ दुसरा प्रश्न, ‘शस्त्रक्रिया होईल का?’ आणि तिसरा, ‘किती दिवस?’ हे तिन्ही प्रश्न स्वाभाविक आहेत. परंतु चौथा एक प्रश्न सहसा कोणीच विचारीत नाही. रुग्णाच्या अंगात बळ किती उरले आहे? तो जमिनीवरून आधाराविना उठू शकतो काय? जिना चढू शकतो काय? जठराच्या कर्करोगात या चौथ्या प्रश्नाच्या उत्तरावर आधीच्या प्रश्नांची उत्तरेही पुष्कळदा अवलंबून असतात. आजच्या विवेचनाचा विषय हाच आहे.

रोगाची व्याप्ती

जगभरातील आकडेवारीनुसार 2022 साली जठराच्या कर्करोगाचे सुमारे 9 लाख 68 हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे 6 लाख 60 हजार रुग्ण दगावले. नव्या रुग्णांच्या संख्येत आणि मृत्यूंच्या संख्येत, दोन्हींत या रोगाचा क्रमांक पाचवा लागला. जपान व दक्षिण कोरिया या देशांत त्याचे प्रमाण फार मोठे. म्हणूनच तेथे निरोगी नागरिकांच्या जठराची ठरावीक काळाने तपासणी करण्याच्या राष्ट्रीय योजना आहेत. भारतात मिझोराम राज्यात हा रोग विशेषत्वाने आढळतो. ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ हा जठरात वस्ती करणारा जिवाणू या रोगाचे एक प्रमुख कारण असल्याचे जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने 1994 मध्ये मान्य केले. त्याचा शोध लावणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन या ऑस्ट्रेलियन संशोधकांना 2005 चे नोबेल पारितोषिक मिळाले. तंबाखू, धूम्रपान, अतिखारट व धुरावलेले पदार्थ ही त्याची अन्य कारणे होत. आहार शुद्ध व शाकाहारी आहे म्हणून हा रोग होणारच नाही, असे मानणे चुकीचे ठरेल.

या रोगाची सुरुवातीची लक्षणे फसवी असतात. अपचन, पोटात जडपणा, चार घास खाताच पोट भरल्याची भावना, हळूहळू घटणारे वजन. ‘पित्त झाले असेल’ म्हणून महिनोन्‌महिने गोळ्या घेतल्या जातात. आणि ज्या काळात निदान लांबते, त्याच काळात शरीराचे स्नायू मूकपणे झिजू लागलेले असतात.

कृशता म्हणजे नेमके काय?

आयुर्वेदाला ‘मांसक्षय’ ही कल्पना प्राचीन काळापासून ठाऊक आहे. आधुनिक वैद्यकात अमेरिकन संशोधक आयर्विन रोझेनबर्ग यांनी 1989 मध्ये ‘सार्कोपेनिया’ हा शब्द सुचविला. ग्रीक भाषेत ‘सार्क्स’ म्हणजे मांस आणि ‘पेनिया’ म्हणजे उणीव. स्नायूंचे प्रमाण व त्यांचे बळ कमी होणे, असा त्याचा अर्थ. वाढत्या वयात हे थोडेफार सर्वांच्याच बाबतीत घडते. कर्करोगात मात्र ते वेगाने घडते.

कर्करोगातील कृशतेला ‘कॅकेक्सिया’ असे दुसरे नाव आहे. 2011 मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने तिची व्याख्या निश्चित केली. सहा महिन्यांत शरीराचे वजन प्रयत्नाविना 5 टक्क्यांहून अधिक घटले, तर ती कॅकेक्सिया समजावी. माणूस मुळातच सडपातळ असेल अथवा त्याचे स्नायू आधीच कमी असतील, तर 2 टक्क्यांहून अधिक घटही पुरेशी मानावी, असे त्यांनी सांगितले. म्हणजे 60 किलो वजनाच्या गृहस्थाचे वजन सहा महिन्यांत 3 किलोंहून अधिक घटले, तर ती धोक्याची घंटा होय. घरात मात्र त्याच वेळी ‘बरे झाले, पोट कमी झाले’ असे कौतुक चाललेले असते.

या व्याख्येतील सर्वांत महत्त्वाचा भाग निराळाच आहे. केवळ जास्त खाऊ घालून ही झीज पूर्णपणे भरून निघत नाही, असे ती स्पष्टपणे सांगते. उपवासाने आलेली कृशता आणि कर्करोगाने आलेली कृशता यांतील भेद येथेच आहे. निरोगी मनुष्य उपवास करतो तेव्हा शरीर आधी साठविलेली चरबी वापरू लागते आणि स्नायू जमेल तितके राखते. पारणे झाले की शक्ती परत येते. कर्करोगात शरीरात सतत एक प्रकारचा दाह धुमसत राहतो. त्यातून निर्माण होणारी रासायनिक द्रव्ये मेंदूतील भूक मंदावतात आणि स्नायूंतील प्रथिनांचे विघटन वाढवितात. अशा एका द्रव्याला 1985 च्या सुमारास संशोधकांनी ‘कॅकेक्टिन’, म्हणजे कृश करणारे, असेच नाव दिले होते. या रोगात चरबी आणि स्नायू दोन्ही एकदम जळतात. म्हणून रोगाने आलेली कृशता म्हणजे तप नव्हे. तप मनुष्य स्वेच्छेने, विवेकाने करतो. ही झीज त्याच्यावर लादली गेलेली असते.

भूक का लागत नाही?

रुग्णाच्या घरात सर्वाधिक कलह ताटावरून होतात. ‘दोन घास खात नाहीत, हट्टच धरला आहे’, अशी पत्नीची तक्रार. ‘मला कोणी समजून घेत नाही’, अशी रुग्णाची व्यथा. या कलहाचे मूळ शरीरशास्त्रात आहे.

1999 मध्ये मासायासू कोजिमा आणि केंजी कांगावा या जपानी संशोधकांनी ‘घ्रेलिन’ नावाचे संप्रेरक शोधून काढले. हे संप्रेरक मेंदूला भुकेची वर्दी देते आणि ते प्रामुख्याने जठराच्या वरच्या भागात तयार होते. शस्त्रक्रियेत संपूर्ण जठर काढावे लागले की भुकेचा हा दूतच नाहीसा होतो. रक्तातील घ्रेलिन एकदम खाली येते. अशा रुग्णाला भूक लागत नाही, कारण भूक लावणारा अवयवच उरलेला नसतो. त्याच्या ‘नको’ म्हणण्यात हट्ट नसतो. हे एक सत्य घरच्या मंडळींनी समजून घेतले, तरी अर्धा ताण हलका होतो. यापुढे त्याला भुकेवर विसंबून चालत नाही. औषध जसे घड्याळाकडे पाहून घेतात, तसे अन्नही घड्याळाकडे पाहूनच घ्यावे लागते.

जठराविना जगता येते, हे नवे नाही. व्हिएन्नाचे शल्यविशारद थिओडोर बिलरोथ यांनी 29 जानेवारी 1881 रोजी कर्करोगग्रस्त जठराचा भाग यशस्वीपणे काढला. झुरिच येथील कार्ल श्लाटर यांनी 1897 मध्ये संपूर्ण जठर काढले आणि ती महिला त्यानंतर एक वर्षाहून अधिक काळ जगली. ‘जगता येईल का?’ या प्रश्नाचे उत्तर तेव्हाच मिळाले. ‘कसे जगता येईल?’ हा प्रश्न मात्र आजही प्रत्येक रुग्णापुरता नव्याने सोडवावा लागतो.

स्नायू इतके महत्त्वाचे का?

निरोगी तरुण शरीराच्या वजनात सुमारे 40 टक्के वाटा स्नायूंचा असतो. हालचाल हे त्यांचे एकच काम नव्हे. श्वास घेणे, खोकून कफ बाहेर टाकणे, जखम भरण्यासाठी प्रथिने पुरविणे, आजारात शरीराची राखीव शिबंदी म्हणून उभे राहणे, ही सारी कामे स्नायूंची होत. म्हणून ज्यांचे स्नायू आधीच झिजलेले आहेत, अशा रुग्णांत शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत अधिक होते आणि रुग्णालयातील मुक्काम लांबतो, असे अनेक देशांतील अभ्यासांत दिसून आले आहे.

केमोथेरपीचेही तसेच. औषधांची मात्रा बहुधा रुग्णाच्या उंची-वजनावरून ठरवितात. दोन रुग्णांचे वजन सारखेच असेल. पण एकाच्या अंगात स्नायू असतील आणि दुसऱ्याच्या अंगात चरबी, तर तीच मात्रा दुसऱ्याला अधिक त्रासदायक ठरू शकते. मग मात्रा कमी करावी लागते, उपचार पुढे ढकलावे लागतात, कधी अर्धवट सोडावे लागतात. गाठीवरचा उपचार स्नायूंच्या अशक्तपणामुळे थांबतो.

वजनाचा काटाही येथे फसवतो. पोटात पाणी साठले, पायांना सूज आली, की वजन स्थिर दिसते आणि आतून स्नायू मात्र ओसरत असतात. म्हणूनच बळ मोजले पाहिजे. आशियाई तज्ज्ञगटाने 2019 मध्ये त्यासाठी सोपे निकष दिले. हाताच्या मुठीची पकड पुरुषांत 28 किलोंपेक्षा आणि स्त्रियांत 18 किलोंपेक्षा कमी असणे, पोटरीचा घेर पुरुषांत 34 आणि स्त्रियांत 33 सेंटीमीटरपेक्षा कमी असणे, हातांचा आधार न घेता खुर्चीवरून पाच वेळा उठून बसण्यास 12 सेकंद वा अधिक वेळ लागणे, ही धोक्याची चिन्हे मानली गेली. शिंप्याची फीत, एक खुर्ची आणि एक घड्याळ एवढ्या साहित्यात यांतील दोन चाचण्या घरीही होतात. शिवाय रोगाची व्याप्ती पाहण्यासाठी बहुतेक रुग्णांचे सीटी स्कॅन झालेलेच असते. कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवरील त्याच चित्रातून स्नायूंचे प्रमाण काढता येते. वेगळ्या तपासणीची गरज नसते. ते पाहावे, अशी विनंती नातेवाइकांनी डॉक्टरांना अवश्य करावी.

जीवनमान कशाने मोजावे?

रुग्ण किती वर्षे जगला, एवढेच पूर्वी मोजले जाई. तो कसा जगला, हे मोजण्यासाठी युरोपीय कर्करोग संशोधन व उपचार संघटनेने 1993 मध्ये 30 प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. खास जठराच्या कर्करोगासाठी 2004 मध्ये तिला 22 प्रश्नांची जोड मिळाली. गिळताना त्रास होतो काय, जेवणाचा आनंद वाटतो काय, इतरांसमवेत बसून जेवताना अवघडल्यासारखे होते काय, आपले शरीर आपल्याला परके वाटते काय, असे हे प्रश्न आहेत. वैद्यकशास्त्राने रुग्णाच्या सुखदुःखाला मोजमापाचा मान दिला, हे या प्रश्नावल्यांचे मोल.

याच प्रश्नांना घरगुती रूप देता येईल. श्रावक सामायिकासाठी 48 मिनिटे बसतो. त्यानंतर आसनावरून स्वतः उठू शकतो काय? मंदिराच्या पायऱ्या चढू शकतो काय? अभिषेकाचा कलश दोन्ही हातांनी उचलू शकतो काय? स्नानगृहात जाण्यासाठी त्याला मुलाला हाक मारावी लागते काय? माणसाची प्रतिष्ठा अशा लहान लहान गोष्टींत असते आणि यांतील प्रत्येक गोष्ट मांड्यांच्या, पाठीच्या आणि हातांच्या स्नायूंवर उभी असते. जीवनमान आणि स्नायू हे दोन वेगळे विषय नाहीत.

आहार : शाकाहारात काय करता येईल?

युरोपीय पोषणतज्ज्ञांच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कर्करोगाच्या रुग्णाला दररोज वजनाच्या दर किलोमागे 25 ते 30 कॅलरी आणि 1 ग्रॅमपेक्षा अधिक, शक्य तर 1.5 ग्रॅमपर्यंत, प्रथिने मिळावीत. म्हणजे 60 किलोंच्या रुग्णाला रोज 60 ते 90 ग्रॅम प्रथिने हवीत.

बहुतेक घरांत रुग्णाला प्रेमाने काय दिले जाते? भाताची पेज, मुगाचे पाणी, फळांचा रस, नारळपाणी. हे पदार्थ पचायला हलके खरे, परंतु त्यांत प्रथिने अत्यल्प. मुगाचे सत्त्व मुगात असते. वरच्या पाण्यात ते फारसे उतरत नाही.

शाकाहारात हे गणित जमते. मात्र ते मांडून पाहावे लागते. दिवसभरात 400 मिलिलिटर दूध अथवा तेवढ्या दुधाचे दही दिले तर सुमारे 13 ग्रॅम प्रथिने मिळतात. घट्ट वरणाच्या दोन वाट्यांतून 14, पाऊणशे ग्रॅम पनीरमधून 13, सोयाबीनच्या 30 ग्रॅम पिठातून 11, मूठभर शेंगदाण्यांच्या कुटातून 7 आणि दीडशे ग्रॅम धान्याच्या पिठातून 15 ग्रॅमच्या आसपास. बेरीज 70 ग्रॅमच्या पुढे जाते. सोयाबीनचे पीठ भाकरीत वा धिरड्यात मिसळावे, शेंगदाण्याचा कूट आमटीत घालावा. जे द्विदळाचा नियम पाळतात, त्यांनी दही आणि डाळ वेगवेगळ्या वेळी द्यावी. एवीतेवी रुग्णाचे खाणे दिवसातून अनेक वेळा विभागलेलेच असते. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

जठर काढलेल्या रुग्णाने एका वेळी थोडे, सावकाश, चावून चावून खावे. फार गोड पदार्थ टाळावेत. शिरा, सरबत असे पदार्थ थेट आतड्यात उतरले की घाम, धडधड, पोटात कळ, जुलाब असा त्रास होतो. यास ‘डंपिंग’ म्हणतात. जेवताना पाणी फार पिऊ नये. ते अर्ध्या तासाच्या अंतराने घ्यावे. दूध सोसत नसेल तर दही वा पनीर द्यावे.

ब-12 जीवनसत्त्वाकडे विशेष लक्ष हवे. ते रक्तात शोषले जाण्यासाठी जठरात तयार होणारा एक घटक आवश्यक असतो. संपूर्ण जठर काढल्यावर तो मिळेनासा होतो आणि हे जीवनसत्त्व इंजेक्शनने किंवा डॉक्टरांनी ठरविलेल्या मोठ्या मात्रेत आयुष्यभर घ्यावे लागते. शाकाहारी व्यक्तींत त्याचा साठा मुळातच कमी असतो. म्हणून त्यांनी याबाबत दिरंगाई मुळीच करू नये. लोह, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व यांचीही वेळोवेळी तपासणी व्हावी.

नियम आणि रुग्णावस्था

अनेक रुग्णांच्या मनात धर्मसंकट उभे राहते. आयुष्यभर पाळलेला रात्रिभोजनत्याग मोडावा लागेल काय? बहुतेकांना तो मोडण्याचे कारण पडत नाही. हिवाळ्यातही सूर्योदय ते सूर्यास्त जवळजवळ 11 तास मिळतात. दर दीड-दोन तासांनी थोडे खाल्ले, तर दिवसाउजेडी सहा-सात वेळचा आहार सहज होतो. अट एकच : सकाळचा पहिला आहार उशिरा होता कामा नये आणि संध्याकाळचा शेवटचा आहार भरीव असावा. केमोथेरपीनंतर उलट्या-जुलाब होत असतील, तर रात्री पाणी व औषध वर्ज्य करणे मात्र धोक्याचे ठरू शकते. प्रत्याख्यान घेतानाच ‘आगार’ म्हणजे सवलती ठेवण्याची परंपरा आहे आणि रुग्णावस्थेचा विचार तीत केलेला आहे. डॉक्टरांचे मत ऐकून, गुरुजनांचा सल्ला घेऊन, निर्णय रुग्णाने स्वतः करावा. उपचार चालू असताना पर्वकाळातील दीर्घ उपवास करण्याचा आग्रह मात्र कोणी धरू नये. स्वाध्याय, जप, क्षमाभाव यांना स्नायूंचे बळ खर्ची घालावे लागत नाही.

हालचाल आणि औषधे

‘आजारी आहेत, पडून राहू द्या’ ही माया रुग्णाच्या हिताची नसते. निरोगी वृद्धांना केवळ 10 दिवस अंथरुणावर ठेवले असता त्यांच्या पायांतील स्नायूंचा भाग सुमारे 1 किलोने घटला, असे 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात आढळले. कर्करोगाच्या रुग्णाची काय अवस्था होत असेल, याची त्यावरून कल्पना यावी. शस्त्रक्रिया ठरल्या दिवसापासूनच खुर्चीवरून उठणे-बसणे, टाचा उचलणे, पाण्याची अर्धा लिटरची बाटली हातात घेऊन वरखाली करणे, घरातल्या घरात चालणे, असे व्यायाम डॉक्टरांच्या संमतीने सुरू करावेत. ताप असेल, रक्तातील पेशी फार कमी झाल्या असतील अथवा रोग हाडांत पसरला असेल, तर मात्र थांबावे.

औषधांच्या क्षेत्रातही आशादायक घडते आहे. घ्रेलिनप्रमाणे काम करणाऱ्या ‘अ‍ॅनामोरेलिन’ या औषधाला जपानने 2021 मध्ये मान्यता दिली. जठराच्या कर्करोगातील कृशता तीत समाविष्ट आहे. फुफ्फुसाच्या कर्करोगावरील चाचण्यांत या औषधाने स्नायूंचे प्रमाण वाढले, परंतु मुठीचे बळ वाढले नाही. मांस औषधाने येऊ शकेल. बळ यायचे तर ते वापरावेच लागेल, असा त्याचा बोध.

भारताला अभिमान वाटावा असे संशोधन पुदुच्चेरीच्या ‘जिपमर’ संस्थेत झाले. जठर, यकृत-स्वादुपिंड व फुफ्फुस यांच्या वाढलेल्या कर्करोगाच्या 124 रुग्णांना केमोथेरपीबरोबर ‘ओलान्झापिन’ हे जुने, स्वस्त औषध अल्प मात्रेत, रोज 2.5 मिलिग्रॅम, किंवा त्याऐवजी औषधविरहित गोळी 12 आठवडे देण्यात आली. औषध घेणाऱ्यांपैकी 60 टक्के रुग्णांचे वजन 5 टक्क्यांहून अधिक वाढले. दुसऱ्या गटात हे प्रमाण 9 टक्के होते. 2023 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यावर जगभरच्या तज्ज्ञांनी त्यांची दखल घेतली. अर्थात हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याविना घेण्याचे नाही.

मर्यादेचे भान

एक कठोर सत्यही सांगणे आवश्यक आहे. रोग फार पुढे गेला, उपचारांना प्रतिसाद देईनासा झाला, की कृशतेची अशी अवस्था येते जेथे कोणताही आहार, नळीवाटे दिलेले कोणतेही पोषण शरीराला स्वीकारता येत नाही. तेथे बळजबरीने भरविलेला घास बळ देत नाही; मळमळ आणि वेदना तेवढी वाढवितो. तेव्हा ‘आम्ही त्यांना उपाशी ठेवले’ अशी बोचणी कुटुंबाने मनाला लावून घेऊ नये. ओठ ओले करणे, वेदना शमविणे, हात हातात धरून बसणे, शांतपणे नमोकार मंत्र ऐकविणे, हीच तेव्हाची खरी सेवा. पण ही अवस्था आली आहे की नाही, हे डॉक्टरांनी ठरवायचे असते. बरे होण्यासारखा रुग्ण केवळ खाणे-चालणे सुटल्यामुळे त्या अवस्थेकडे ढकलला जाऊ नये, यासाठी निदानाच्या पहिल्या दिवसापासून जागरूकता हवी.

समाजाने काय करावे?

अनेक गावांतील संस्था रुग्णांसाठी खाटा, चाकांच्या खुर्च्या, ऑक्सिजनचे सिलिंडर देतात. त्याच कपाटात एक वजनकाटा, एक मोजपट्टी आणि मुठीची पकड मोजणारे एक उपकरण ठेवता येईल. दर पंधरवड्याला रुग्णाचे वजन, पोटरीचा घेर व पकड एका वहीत नोंदली, तर डॉक्टरांच्या हाती मोलाची माहिती पडेल. उपचारासाठी परगावी राहणाऱ्या रुग्णाला शुद्ध पण प्रथिनयुक्त आहार दिवसातून सहा वेळा मिळावा, अशी सोय भोजनशाळांनी करावी. आणि तरुणांनी रुग्णाला भेटायला जाताना फळांची परडी नेण्याबरोबरच त्याला हाताशी धरून अंगणात दहा मिनिटे फिरवून आणावे.

अहिंसेचा अर्थ कोणाला न दुखविणे एवढाच नाही. झिजणाऱ्या जीवाला वेळेवर आधार देणे हीही अहिंसाच आहे. गाठ काढणे हे शल्यविशारदाचे काम. रुग्णाचे बळ राखण्याचे काम मात्र त्याच्या घराचे, त्याच्या स्वयंपाकघराचे आणि त्याच्या समाजाचे आहे.

जय जिनेंद्र!